खोऱ्यातून खाडीपर्यंत: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

नदीचं खोरं बघायला जाणारे बहुतेक जण खाडी वेगळ्या सहलीत बघतात. खोऱ्यात जायचं ते शांततेसाठी आणि खाडीवर जायचं ते मावळतीसाठी, अशी वाटणी होऊन बसलेली असते. माझं सांगणं असं, की पहिल्याच खेपेला दोन्ही एकत्र बघा, आणि वरून खाली उतरत बघा. कारण मुळात ती दोन ठिकाणं नाहीतच.

साधारण 20,000 वर्षांपूर्वी जमिनीवर इतका बर्फ साठला होता, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. नद्या आजच्या किनाऱ्याच्या कितीतरी पुढे वाहत जात आणि तिथपर्यंत आपली खोरी कोरत. मग बर्फ वितळला, समुद्र चढत आला. साधारण 7,000 वर्षांपूर्वी त्याचं चढणं मंदावलं, तोवर या खोऱ्यांची खालची टोकं पाण्याखाली गेली होती. आज आपण ज्यांना खाड्या म्हणतो त्यांतल्या पुष्कळशा म्हणजे ही बुडालेली टोकं. अमेरिकेतला चेसापीक उपसागर हे सस्क्वेहाना नदीचं असंच बुडालेलं खोरं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की डोंगराच्या उतारावर उभं राहून खाली बघताना उतार पाण्याखाली तसाच पुढे गेलेला जाणवतो, आणि खाडीतल्या बेटाकडे बघताना ती जुन्या टेकडीची सोंड असावी, असं मनात येतं.

पहिल्या खेपेला तीन दिवस काढा. एक वरच्या खोऱ्यासाठी, एक मधल्या पट्ट्यासाठी, एक खाडीसाठी. दोनच दिवस हाताशी असतील तर वरचा भाग आखडता घ्या, पण मधला पट्टा सोडू नका. लोक नेमका तोच गाडीतून ओलांडतात आणि सगळ्यात मोठी गोष्ट तिथे घडत असते.

1. नकाशा घरीच वाचून घ्या

1:50,000 प्रमाणाचा नकाशा असेल तर त्यावरचे 2 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. 1:25,000 चा मिळाला तर फारच चांगलं, त्यात 1 किलोमीटरला 4 सेंटीमीटर मिळतात आणि छोट्या पायवाटाही दिसतात. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचायला अवघड वाटतात, पण खोऱ्यासाठी एकच खूण पाठ असली तरी भागतं. रेषा ओढ्याला ओलांडते तिथे ती टोकदार वळते, आणि ते टोक नेहमी ओढ्याच्या वरच्या अंगाला असतं. सोंडेवर उलट, टोक उताराकडे. आता पेन्सिल घ्या आणि नदीला येऊन मिळणारे सगळे ओढे, ओहळ उगमापासून गिरवत आणा. दहा मिनिटांत पानावर झाडासारखी आकृती उभी राहते, तेच तुमचं पाणलोट क्षेत्र. त्यातल्या कुठल्याही फांदीवर पडलेला पाऊस तुमच्या पायाखालच्या पाण्यात येणार आहे. हे पुढे उपयोगी पडेल.

नंतर नदीच्या दोन्ही अंगांनी समोच्च रेषा कुठे लांब सरकतात ते बघा. तिथून नदी वळणं घ्यायला लागते. त्याच्याही खाली नदीचा निळा पट्टा अचानक रुंद होऊन दोन्ही बाजूंना चिखलाची खूण दाखवलेली असेल, ती खाडीची सुरुवात. या तीन जागांवर गोल करा. तुमचे तीन दिवस तेच.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 साली सांगितलेला ठोकताळा अजून कामाला येतो. दर 5 किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर 100 मीटरला वर 10 मिनिटं. म्हणजे 10 किलोमीटर चाल आणि 300 मीटर चढ असेल तर अडीच तास. हा हिशेब न थांबता चालणाऱ्याचा आहे. तुम्ही बघायला निघाला आहात, तेव्हा दीडपट धरा. चिखलात आणि खाडीकाठच्या झुडपांत तर तोही लागू पडत नाही. तिथे तासाला 2 किलोमीटर झाले तरी चांगली चाल म्हणायची.

फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या. खोलगट खोऱ्यात नेटवर्क जातं, पण उपग्रहावरून जागा शोधायला फोनला नेटवर्क लागत नाही, नकाशा मात्र फोनमध्ये असावा लागतो. कागदाचा नकाशाही ठेवाच, तो ओल्या बोटांनीही उघडतो.

वाट विचारताना गोंधळ होतो तो डाव्या-उजव्या तीराचा. पाणी ज्या दिशेला वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं, मग डाव्या हाताला डावा तीर. तुम्ही वर चढत असाल तरी तीर बदलत नाहीत.

2. भरतीचं वेळापत्रक आधी, सुट्टीचे दिवस नंतर

नवखे लोक सुट्टी ठरवतात, मुक्काम ठरवतात आणि खाडीवर पोचल्यावर विचारतात, पाणी कधी येतं? क्रम उलटा हवा. त्या किनाऱ्याचा भरती-ओहोटीचा तक्ता काढा आणि त्यावरून दिवस निवडा.

तक्ता समजायला थोडी पूर्वतयारी लागते. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीला सुमारे 12 तास 25 मिनिटं लागतात, म्हणून आजची सकाळची भरती उद्या साधारण 50 मिनिटं उशिरा येते. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती असते, तेही तक्त्यावरून लगेच कळतं. अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण येतं, म्हणजे पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही उतरतं. अष्टमीच्या पुढेमागे भांग असतो, तेव्हा चढ-उतार सगळ्यात कमी. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखी होतात त्या सुमाराची उधाणं वर्षातली मोठी असतात.

नवख्यांनी चिखलावर चालायचं असेल तर भांगाचे दिवस धरावेत. पाणी कमी अंतर धावतं, सावकाश धावतं, चुकीला थोडी जागा असते. उधाण बघण्यासारखं असतं, जरूर बघा, पण उंच काठावरून. आणखी एक सोय ध्यानात ठेवा. एका जागी उधाणाची भरती घड्याळाच्या साधारण ठरावीक वेळेलाच येते. एखाद्या खाडीत ती दुपारी बाराच्या सुमाराला येत असेल, तर पुढच्या पौर्णिमेलाही त्याच सुमाराला येईल.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. यासाठी बाराव्या हिश्श्याचा नियम आहे. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात 1 भाग, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 3, चौथ्यात 3, पाचव्यात 2, सहाव्यात 1. समजा चढ 4 मीटरचा आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम 33 सेंटीमीटर चढेल आणि तुम्हाला वाटेल, काही घाई नाही. तिसऱ्या तासात ते पूर्ण 1 मीटर चढेल, चौथ्यातही 1 मीटर. आता चिखलाचं मैदान किती सपाट असतं ते बघा. 500 मीटर चालल्यावर उंची 1 मीटरने वाढते असं मैदान असेल, तर त्या एका तासात पाण्याची कड 500 मीटर आत सरकते. पहिल्या तासावरून अंदाज बांधणारे फसतात ते इथेच.

तक्त्यातल्या आकड्यांना तीन गोष्टींची जोड द्या. एक, तक्ता एखाद्या बंदराचा असतो. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, आणि नरसाळ्यासारख्या अरुंद होत जाणाऱ्या खाडीत आतला चढ मुखापेक्षा मोठाही असू शकतो. दोन, तक्ता शांत हवेसाठी बांधलेला असतो. हवेचा दाब 1 हेक्टापास्कलने उतरला की पाणी साधारण 1 सेंटीमीटरने चढतं, आणि समुद्राकडून जोराचा वारा असेल तर त्यात आणखी भर. वादळी हवेत तक्त्यावर विसंबू नका. तीन, तक्त्यातली उंची ही नकाशातल्या डोंगराच्या उंचीसारखी समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. सहसा ती अगदी खालच्या ओहोटीजवळच्या पातळीपासून मोजतात. म्हणून नकाशावरचा 3 मीटरचा बांध तक्त्यातल्या 3 मीटरच्या भरतीत बुडेल, असा सरळ हिशेब करू नका. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासाभराने पुढे करतात. तक्ता कुठल्या वेळेत छापलाय तेही बघा.

जगात हा चढ-उतार सगळीकडे सारखा नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो 16 मीटरपर्यंत जातो, भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर अर्धा मीटरही होत नाही. एका खाडीवर मिळवलेला अनुभव दुसरीकडे तसाच्या तसा वापरू नका.

3. सोबत काय घ्यायचं

फार नको. घोट्याला घट्ट बांधता येतील असे बूट (सैल गमबूट चिखलात पायातून निघून तिथेच राहतात), खांद्याएवढी काठी, शिट्टी, होकायंत्र, विजेरी, पाणी, टोपी, कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. दुर्बीण 8 पट मोठं दाखवणारी पुरे, त्याहून मोठी हातात थरथरते. एक वही आणि पेन्सिल, शाई ओलाव्यात पसरते. संकटाची खूण म्हणून मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, हे बहुतेक डोंगराळ भागांत ओळखलं जातं. कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे मागे राहणाऱ्या कुणाला तरी लिहून द्या.

4. खोऱ्यातला दिवस

मुक्काम अगदी तळाशी घेऊ नका, थोडा वर घ्या. रात्री उतारांवरची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी ओघळून तळाशी साचते. त्यामुळे पहाटे खोऱ्याच्या तळात धुकं आणि बोचरी थंडी, आणि शंभर मीटर वर मात्र त्या मानाने उबदार, असं पुष्कळदा होतं. याचा फायदा करून घ्या. उजाडायच्या आधी निघून वर पोचा. खाली धुक्याने खोरं काठोकाठ भरलेलं असतं आणि सोंडा बेटांसारख्या वर आलेल्या असतात. खाडी बुडालेलं खोरं आहे म्हणजे काय, हे त्या अर्ध्या तासात डोळ्यांना दिसतं. ऊन चढलं की वारा उलटतो, तळाकडून वर वाहायला लागतो आणि धुकं विरतं.

मग ओढ्याच्या काठाने उतरायला लागा. घाई नको. पहिल्या वळणावर थांबून दोन्ही काठ बघा. बाहेरच्या बाजूला पाणी जोरात घासतं, तिथे काठ उभा आणि खोल. आतल्या बाजूला पाणी मंद, तिथे वाळू-गोटे साचून उतरता काठ तयार झालेला. आतल्या काठावर बसून एक मूठ गोटे उचला. वरच्या अंगाचे गोटे कोनेरी, चेंडूएवढे किंवा त्याहून मोठे असतात. पुढे तासाभराने पुन्हा उचला, मग आणखी तासाने. कडा झिजत जातात, आकार लहान होत जातो. शेवटी हातात वाळू आणि मग बोटांच्या रेषांत बसणारा गाळ येतो. मी दर वेळी हे करतो आणि दर वेळी हात धुवायचा विसर पडतो, इतकं ते बघत राहावंसं वाटतं.

कातळावरून पाणी वाहत असेल तर रांजणखळगे शोधा. भोवऱ्यात अडकलेला गोटा गोल गोल फिरून कातळात रांजणासारखा खड्डा पाडतो. पुष्कळदा तळाशी तो गोटा अजून सापडतो, अंड्यासारखा गुळगुळीत. तो तिथेच ठेवा.

ओढा ओलांडताना एक जुना नियम आहे, गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडायचं नाही. पाण्याच्या येण्याकडे तोंड, काठी पुढे रोवलेली, पिशवीचा कमरेचा पट्टा सोडलेला, आणि एका वेळी एकच पाय उचललेला. घरी नकाशावर जी झाडासारखी आकृती काढलीत ती इथे आठवा. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असेल आणि वरच्या एखाद्या फांदीवर पाऊस कोसळत असेल. पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा ओढ्याचा आवाज बदलून आत गोटे घरंगळल्यासारखे ऐकू यायला लागले, तर लगेच वर सरका आणि ओलांडायचा विचार सोडा.

पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका, वरच्या अंगाला गुरं चरत असतात. खळखळून एक मिनिट उकळा, 2,000 मीटरपेक्षा उंचावर असाल तर तीन मिनिटं.

शांत खोऱ्यात राहणाऱ्यांची शांतता आपल्यामुळे मोडू नये, एवढं भान ठेवलं तर बाकीचे नियम सांगावे लागत नाहीत. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद, कारण त्यामागे गुरांच्या पाण्याचा किंवा चाऱ्याचा काही हिशेब असतो. शेतात पीक उभं असेल तर बांधाने जायचं. माणूस दिसला की आधी आपण बोलायचं. वाटेबद्दल विचाराच, पण त्याहून जास्त विचारा पाण्याबद्दल. पूर कुठवर आला होता, कुठल्या दगडावर त्याची खूण आहे, भरती नदीत कुठवर चढते. या प्रश्नांना लोक मनापासून उत्तरं देतात, आणि ती उत्तरं कुठल्याही नकाशात नसतात.

5. मधला पट्टा: गोडं पाणी खारं होतं ती जागा

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. नदीच्या पाण्यात जवळजवळ नाहीच. दोघं भेटतात ती एक रेघ नसते, काही किलोमीटरांचा पट्टा असतो, आणि तो दर भरतीला वर सरकतो, दर ओहोटीला खाली. पावसाळ्यात नदी जोरात असली की खारं पाणी मुखाकडे ढकललं जातं, कोरड्या दिवसांत ते आत शिरतं. शिवाय गोडं पाणी हलकं, खारं जड. म्हणून काही खाड्यांत वर नदी समुद्राकडे वाहत असते आणि त्याच वेळी तळाशी खाऱ्या पाण्याची पाचर आत सरकत असते.

हे डोळ्यांना थेट दिसत नाही, पण खुणा दिसतात. काठाने खाली चालत राहा आणि झाडं बघा. पाण्याशी झुकलेली गोड्या पाण्याची झाडं मागे पडतात, मग लव्हाळ्यांसारखं, बोरूसारखं काही तरी लागतं. त्यानंतर उष्ण प्रदेशात असाल तर खारफुटी, थंड प्रदेशात असाल तर खारं गवत. तिवराच्या झाडाजवळ पोचलात तर कोरड्या दिवशी एक पान हळूच वाकवून उन्हात धरा, तोडू नका. पानावर बारीक पांढरे कण चमकताना दिसतील. झाडाने मुळांवाटे आलेलं मीठ पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकलेलं असतं. बोट फिरवून जिभेला लावून बघा. झाडाखाली चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या खुंट्या म्हणजे त्याची श्वासाची मुळं. त्यांवर पाय देऊ नका.

दुसरा प्रयोग घरच्या मिठाचा. अर्ध्या लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या, दोन्हींत नदीचं गढूळ पाणी भरा. एकीत तीन चमचे मीठ घालून ढवळा आणि दोन्ही सावलीत ठेवून द्या. मिठाच्या बाटलीतला गाळ गुठळ्या धरून खाली बसायला लागतो, दुसरी बराच वेळ गढूळच राहते. गाळाचे अतिबारीक कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर ठेवतात, मिठाने ते दूर ठेवणं संपतं आणि कण एकमेकांना चिकटतात. डोंगरावरून निघालेली माती खाडीत येऊन का बसते, चिखलाची ही अफाट मैदानं का तयार होतात, त्याचं एक मोठं कारण तुमच्या बाटलीत आहे. मधला पट्टा सोडू नका म्हटलं ते याचसाठी.

6. चिखलावर पाय ठेवण्याआधी

आता जे सांगतो ते कृपा करून दोनदा वाचा.

खाडीत पाणी समोरून येतं असं आपल्याला वाटतं, कारण समुद्र समोर असतो. प्रत्यक्षात ते आधी नाळ्यांमधून येतं. चिखलाच्या मैदानात फांद्यांसारख्या पसरलेल्या या नाळ्या सगळ्यात खोल, म्हणून त्या सगळ्यात आधी भरतात, आणि त्यांतल्या काही तुमच्या पाठीमागून जातात. मी आणि माझा एक मित्र एकदा वाळूच्या लांबट उंचवट्यावर पक्षी बघत उभे होतो. समोरची पाण्याची कड दोनशे पावलं लांब होती, म्हणून निवांत होतो. मागे वळलो तर जाताना घोटाही न भिजवता ओलांडलेली नाळी गुडघाभर वाहत होती, आणि वाहत होती ती जमिनीच्या दिशेने. आम्ही एकमेकांच्या पिशव्या धरून लगेच ओलांडली. पलीकडे पोचेपर्यंत पाणी मांडीला लागलं होतं. दहा मिनिटं उशीर झाला असता तर ओलांडता आली नसती. त्या दिवसापासून वेळेचं बंधन मी कधी सैल केलेलं नाही.

इंग्लंडमधल्या मोरकम उपसागरात 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री शिंपले गोळा करणारे किमान 21 मजूर भरतीत सापडून बुडाले. त्याच उपसागराची वाळू ओलांडून नेण्यासाठी सोळाव्या शतकापासून राजसत्तेने नेमलेला वाटाड्या असतो, कारण तिथल्या नाळ्या आणि रुतणारी वाळू जागा बदलत राहतात. शतकानुशतकं चालत आलेली वाटसुद्धा दर वेळी नव्याने तपासावी लागते. तेव्हा पहिल्या खेपेला स्थानिक माहितगार बरोबर असेल तरच मैदानात आत जा. नसेल तर काठापासून हाकेच्या अंतरावर राहा, बघायला तिथेही भरपूर आहे.

वेळ अशी धरा. ओहोटी लागून दोन-तीन तास झाले की उतरायचं, आणि पाणी अगदी तळाला पोचतं त्या वेळेला तुम्ही परतीच्या वाटेवर असायचं. उतरण्याआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि दहा मिनिटं बघा, पाणी खरंच उतरतंय ना. ओलांडलेल्या प्रत्येक नाळीची वेळ वहीत लिहा. धुकं असेल तर उतरूच नका. धुक्यात मैदानाला दिशाच नसते आणि पाण्याचा आवाज सगळीकडून येतो. उतरल्यावर धुकं आलं तर काठाची दिशा होकायंत्रावर आधीच घेतलेली हवी.

चिखल रुतवणारा आहे का, हे काठीने आधी टोचून बघायचं. वाळूच्या लाटा उमटलेला भाग सहसा पेलतो. चकचकीत, गुळगुळीत, पाय टाकला की थरथरणारा भाग टाळायचा. पाय अडकलाच तर उभ्याने ओढू नका, एक पाय सोडवताना दुसरा आणखी खोल जातो. मागे बसा किंवा आडवे व्हा, भार जास्तीत जास्त पसरू द्या, अडकलेला पाय थोडा थोडा हलवत सैल करा, आणि आल्या दिशेने सरपटत मागे या. सोबत्याने जवळ धावत येऊ नये, काठी किंवा दोर पुढे करावा. सुटत नसेल तर वेळ न घालवता मदत मागा. 112 हा क्रमांक मोबाइलवरून बऱ्याच देशांत चालतो.

एवढी काळजी घेतल्यावर आता खाली वाका. ओहोटीच्या चिखलावर ऊन पडलं की त्यावर सोनेरी-तपकिरी झाक येते. ते शैवाल आहे, एकेका पेशीचं. पाणी उतरलं की ते उजेडासाठी वर सरकतं आणि भरतीआधी पुन्हा आत जातं. बोट चिखलात खुपसा आणि बाहेर काढून बघा. वरचा तपकिरी थर बहुधा नखाएवढाच जाड, खाली एकदम काळं. त्या काळ्या थरात प्राणवायू नसतो आणि तिथल्या जीवाणूंमुळे सडक्या अंड्यासारखा वास येतो. नवखे लोक या वासावरून खाडी घाणेरडी ठरवतात. वास निरोगी चिखलालाही येतो.

7. पक्ष्यांसाठी भरतीच्या अलीकडचे दोन तास

पूर्ण ओहोटीला पक्षी मैदानभर पांगलेले असतात, दुर्बिणीतही ठिपके दिसतात. भरती व्हायला दोन तास राहिले की पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलायला लागतं. काठावर, झुडपाच्या आडोशाला, ऊन पाठीवर येईल असे बसा आणि हलू नका. तुम्ही पाठलाग करायची गरज नसते.

नावं पाठ करत बसू नका, पहिल्या दिवशी फक्त चोची बघा. चिखल्याची चोच आखूड, तो धावतो, थबकतो, वरचं टिपतो. तुतवार आणि टिलवे थोडं खोल टोचतात. कोरलाची बाकदार चोच 15 सेंटीमीटरपर्यंत लांब असू शकते, ती चिखलातल्या बिळात वळून किडा ओढून आणते. एकाच हातभर चिखलात प्रत्येकाचं ताट वेगळ्या खोलीवर वाढलेलं असतं. म्हणून तर इतके सगळे शेजारी शेजारी चरतात.

भरती पूर्ण झाली की ते कोरड्या पट्ट्यावर गर्दी करून एका पायावर विसावतात. या वेळी त्यांच्या जवळ जाऊ नका, कुत्रा सोबत असेल तर बांधून ठेवा, ड्रोन उडवू नका. त्यांना उठवणं म्हणजे साठवलेली शक्ती खर्च करायला लावणं, आणि त्या शक्तीचा हिशेब फार काटेकोर असतो. 2022 साली उपग्रहाची खूण लावलेला पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा, अवघा पाच महिन्यांचा, अलास्काहून निघून टास्मानियाला उतरला. 11 दिवस, 13,560 किलोमीटर, मध्ये कुठेही न थांबता. असं उड्डाण पक्षी करू शकतो ते चिखलावर खाऊन साठवलेल्या चरबीवर. गर्दीतले काही जण मान वर काढून तुमच्याकडे बघायला लागले, चुळबुळ सुरू झाली, तर तुम्ही आधीच फार जवळ आला आहात. सावकाश मागे सरा.

शेवटच्या दिवशी एक काम ठेवा. मधल्या पट्ट्यातल्या साकवावर किंवा काठावरच्या पक्क्या जागी भरतीच्या वेळेला अर्धा तास आधी पोचा. पाण्यात उभ्या असलेल्या एखाद्या खांबावर ओल्याची रेघ बघत राहा आणि पाणी चढायचं थांबलं ती वेळ वहीत लिहा. मग एक वाळकं पान प्रवाहात टाका. पाणी चढायचं थांबणं आणि प्रवाह फिरणं एकाच क्षणी होतंच असं नाही. पान काही वेळ खोऱ्याकडे, म्हणजे नदीच्या उलटं, जातच राहील. मग रेंगाळेल, जागच्या जागी फिरेल आणि समुद्राकडे निघेल. तीही वेळ लिहा. तुमच्या दोन्ही वेळा तक्त्यातल्या बंदराच्या वेळेशी ताडून पाहा. जो फरक येईल तो या खाडीतल्या या जागेचा. पुढच्या खेपेला तक्ता उघडलात की तेवढी मिनिटं त्यात मिळवायची.